सोलापूरचा शनिवार

“पोरीचे वडील कुठं हैत?” चन्नम्मानं पाण्याचा तांब्या खाली ठेवत विचारलं.

“सोलापूरला गेलेत,” गिरिजाबाई म्हणाल्या. “काम निघालं.”

“आजच? आठ दिस आदी निरोप धाडला व्हता की आमी.”

गिरिजाबाईंनी पदर सारखा केला. आळंदहून मुलगी बघायला आलेल्या या बाईला काय सांगायचं, हे त्यांना सकाळपासून सुचत नव्हतं. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. उमरग्यात टँकरच्या पाण्यासाठी घागरींच्या रांगा लागत होत्या, तरी त्यांनी पाहुण्यांसाठी हंडाभर गोड पाणी राखून ठेवलं होतं, चहात हात सैल सोडून साखर घातली होती. मुलगी महानंदा मॅट्रिक झालेली. गिरिजाबाईंची स्वतःची पिठाची गिरणी, नवरा कल्याणप्पा तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात मॅनेजर. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. फक्त महिन्याचा दुसरा शनिवार सोडून.

“सोलापुरात एक बंगला हाय म्हणं,” चन्नम्मा पुढं सरकली. “भूतबंगला म्हणत्यात लोक. डोळं बांधून आत नेत्यात, कवटीम्होरं शपथ घ्याय लावत्यात. आमच्याकडला एक डाक्टर जातो तिथं. तुमचे मालक बी तिथंच जात्यात न्हवं?”

“जातात.”

“मग आत काय करत्यात?”

“मला ठाव न्हाय.”

चन्नम्मा हसली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं महानंदाकडं पाहिलं, मग आपल्या नवऱ्याकडं. “आमी लिंगवंत मान्सं,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिथं मटण-दारू आसंल तर? बायकोलाच ठाव न्हाय म्हनल्यावर आमी कुणाला इचारायचं?”

पोहे खाऊन मंडळी गेली. कळवतो म्हणाली. कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं कल्याणप्पा परतला, तो सरळ गिरणीत आला. लाईट गेलेली होती. गिरणी गप्प होती, बायका आपापले डबे रांगेत ठेवून घरी गेल्या होत्या. रेशनच्या लाल मिलो ज्वारीचा कुबट वास सगळ्या जागेत भरून राहिला होता. कल्याणप्पाच्या हातात सोलापूरला जाताना तो नेहमी नेई ती काळी पिशवी होती. तिला बारकं कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्याच्या जानव्यासारख्या शिवदोऱ्यात, लिंगाशेजारी लटकत असे.

“कशी काय वाटली मान्सं?” त्यानं विचारलं.

“मान्सं बरी व्हती. तुमी कुठं जाता इचारलं. म्या काय सांगू?”

“सांगायचं की चांगल्या लोकांची मंडळी हाय. देव मानत्यात, जातपात बघत न्हाईत, एकमेकाच्या अडीनडीला धावत्यात.”

“ते आपलं भजनी मंडळ बी करतंय. ते दार लावून घेत न्हाय.”

कल्याणप्पानं पिशवी पोत्यावर ठेवली. “गिरिजा, माझ्या गळ्यात लिंग हाय. वावगं काय बी न्हाय तिथं.”

“मग काय हाय?”

“शपथ घेतलीय मी.”

“पोरीचं जमत आलेलं मोडणार आता.”

“दुसरं जमंल. मी लपवत न्हाय गं. सांगत न्हाय. दोन्हीत फरक हाय.”

“तुमच्या बाजूनं आसंल,” गिरिजाबाई म्हणाल्या. “माझ्या बाजूनं दोन्ही सारखंच दिसतंय.”

तेवढ्यात लाईट आली. कल्याणप्पा काहीतरी बोलत होता, पण गिरणीच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, आणि गिरिजाबाईंनी पुन्हा विचारलंही नाही.

माणूस वाईट असता तर त्यांनी कधीच मनातून काढून टाकला असता. पण कल्याणप्पा घरी आला की दिवसभराचं सगळं त्यांच्यापुढं ओतायचा. खताच्या पोत्यांवरून कुणाचं कुणाशी वाजलं, कोण खुर्ची सोडत नाही, कुणाची सही राहिली. गिरणीचं जातं बदलायचं तर आधी त्यांना विचारायचा. आई गेली तेव्हा त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडला होता. सगळं घर उघडं आणि एकच खोली बंद. आणि त्या खोलीतून तो परत यायचा तो हलका होऊन. दोन दिवस त्याचा आवाज चढायचा नाही, जेवताना कालवण अळणी असलं तरी गोड मानून घ्यायचा. तेच गिरिजाबाईंना जास्त लागायचं. घरात बसून त्यांनी जे कधी त्याला दिलं नव्हतं, ते तिथं कोण देत होतं?

एकदा बहिणीच्या नातवाच्या बारशाला सोलापूरला गेल्या, तेव्हा त्यांनी वाट वाकडी करून रिक्षा त्या बंगल्यापुढं थांबवली. पांढरी भिंत, लोखंडी फाटक. दारावर गवंड्याचा गुण्या आणि त्याला छेदणारा कंपास कोरलेला. घरात कधी साधा खिळा न ठोकलेल्या आपल्या नवऱ्याचं या हत्यारांशी काय नातं, हे त्यांना उमजेना.

“बायांना आत सोडत न्हाईत, अव्वा,” पहारेकरी म्हणाला. तोंडानं मवाळ होता, पण फाटकावरचा हात त्यानं काढला नाही.

पुढं महानंदाचं लग्न झालं, बसवकल्याणला. पण स्थळ बेताचं मिळालं. गिरिजाबाईंनी तोही हिशेब त्याच बंगल्याच्या नावावर लावला, पण बोलून दाखवला नाही.

ब्याऐंशी सालच्या माघात कल्याणप्पा संघाच्या कचेरीत खुर्चीतच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर बंडप्पा आणि भावकीतली माणसं शेतात खड्डा खणायला गेली, तेव्हा गिरिजाबाईंनी आतल्या खोलीचं दार लावलं आणि गिरणीतल्या हातोडीनं त्या काळ्या पिशवीचं कुलूप फोडलं. किल्ली शिवदोऱ्यात होती. पण मयताच्या गळ्याला हात लावून ती काढून घ्यावी, असं त्यांना वाटलं नाही. आत पांढरे हातमोजे निघाले आणि पांढऱ्या मऊ कातड्याचं, कमरेला बांधायचं एक फडकं. गिरणीत पीठ उडू नये म्हणून त्या स्वतः जुन्या धोतराचं बांधायच्या, अगदी तसलं. त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. अजून काही नव्हतं. त्यापेक्षा कवटी निघाली असती तरी बरं वाटलं असतं.

शेतात उन्ह चढलं होतं. कल्याणप्पाला मांडी घालून खड्ड्यात बसवलं होतं. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग. जंगम अय्या मंत्र म्हणत होते, घरचे एकेक करून बेलाची पानं वाहत होते. तेवढ्यात बांधाशी गाडी थांबली आणि काळे कोट घातलेले चौघे जण ढेकळं तुडवत आले.

त्यातला सगळ्यांत म्हातारा पुढं झाला. “वहिनी, मी श्रीमंत कोरे. सोलापूरला वकील आहे. कल्याणप्पा आमचे बंधू होते.”

“मला दीर एकच हाय,” गिरिजाबाई बंडप्पाकडं बघत म्हणाल्या.

वकिलांनी मान खाली घातली. “दोन मिनिटं द्या आम्हाला. एवढी फांदी त्यांच्याजवळ ठेवतो आणि जातो.”

त्यांच्या हातात बाभळीची हिरवी डहाळी होती. बंडप्पा उसळलाच. “काटं टाकताव व्हय मयताच्या अंगावर? लिंगैक्य झालेला मानूस हाय त्यो! चला, निघा!”

भावकीत गलका झाला. अय्यांनी मंत्र थांबवला. “ह्याला आपल्यात आधार न्हाय,” ते म्हणाले. “पण घरच्या मान्सानं ठरवावं.”

सगळे गिरिजाबाईंकडं बघू लागले.

“का टाकायची ते सांगा,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

“वहिनी, काही गोष्टी आम्हाला—”

“मग माघारी जावा. हे ऐकून ऐकून माझं कान किटल्यात.”

वकिलांनी डोक्यावरची टोपी काढली. ते म्हणाले, “एवढं सांगता येईल. पुस्तकांतून छापलेलंही आहे. सुलेमान राजा मोठं मंदिर बांधत होता. त्याच्या मुख्य कारागिराकडं एक गुप्त शब्द होता. तीन गड्यांनी तो वदवून घ्यायला त्याला दारात अडवलं. त्यानं सांगितला नाही. त्यांनी त्याला मारलं आणि डोंगरावर पुरलं. शोधणाऱ्यांना ती जागा सापडली ती अशाच एका हिरव्या डहाळीवरून. आपल्या बाभळीच्याच जातीची. जीव गेला, पण त्यानं शब्द मोडला नाही. म्हणून आम्ही...”

“आन् त्यो मेल्यावर त्याच्या बायकोचं काय झालं?”

वकिलांनी मागच्या तिघांकडं पाहिलं. एक जण आपल्या हातमोज्यांकडं बघत राहिला.

“त्या गोष्टीत बायको नाही, वहिनी,” ते शेवटी म्हणाले. “आई आहे. तो विधवेचा मुलगा होता.”

“आसंल की कुणीतरी. सांज झाली तर घरी वाट बघणारी.”

“आम्ही कधी विचारलं नाही,” वकील म्हणाले.

गिरिजाबाईंनी खड्ड्यात पाहिलं. कल्याणप्पा डोळे मिटून बसला होता, तोंड घट्ट. खड्ड्यात उतरून त्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं, एवढा संताप त्यांना आला. आता तरी बोला. आता तुमची शपथ कोण बघतंय? मग वकिलांकडं वळून त्यांनी हात पुढं केला.

“द्या हिकडं.”

डहाळी फेकून देणार, असं बंडप्पाला वाटलं असावं. तो बाजूला झाला. गिरिजाबाई उकरलेल्या मातीच्या ढिगावर बसल्या आणि पांढरे, लांब काटे एकेक करून खुडू लागल्या. धान्यातले खडे वेचून वेचून नखं झिजली होती. एक काटा अंगठ्यात गेला, रक्त आलं. त्यांनी अंगठा तोंडात धरला आणि पुन्हा खुडायला लागल्या.  वकील मदतीला वाकले.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या.

डहाळी साफ झाल्यावर त्यांनी देठापासून शेंड्यापर्यंत तळवा फिरवून पाहिला आणि ती वकिलांच्या हातात दिली.

“आता टाका.”

मग उन्हात बसूनच त्यांनी ढिगावर पडलेले काटे वेचले, आणि माती लोटायला येणाऱ्यांच्या पायांत जाऊ नयेत म्हणून पदराच्या टोकात गाठ मारून बांधून घेतले.