वाकडं काज

चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या मास्तरांच्या छातीत एका दुपारी, कात्री हातात असतानाच, धडधड सुरू झाली. घाम फुटला, हातपाय गार पडले. आटोपला आपला ग्रंथ, असंच त्यांना वाटलं. महिन्यात तीनदा असं झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे, रक्तदाबाची गोळी तेवढी चालू ठेवा. हे भीतीचे झटके. आमच्या मानसोपचाराच्या बाईंना भेटा."

"म्हणजे मी वेडा?" मास्तर उखडले. पण बायकोपुढे त्यांचं काय चालणार? चौथ्या दिवशी दोघं बाईंसमोर होती.

"काय होतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत बायकोची गाडी सुटली.

"ताई, तुमचंही ऐकणार आहे," बाई हसून म्हणाल्या. "पण आधी मास्तरांना बोलू द्या. घरी मिळत नसेल संधी."

बायकोलाच खुदकन हसू आलं. मग मास्तर बोलले. धाकटा भाऊ गेल्या वर्षी बसल्या जागी गेला, तेव्हापासून ते दिवसातून दहादा चोरून स्वतःची नाडी बघत होते. बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. बाईंनी मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. झटके थांबले, पण हात थरथरायला लागले. आठव्या दिवशी एका नवरदेवाच्या कोटाचं काज वाकडं गेलं. मास्तर कोट काखोटीला मारून तावातावानं दवाखान्यात.

"बघा तुमच्या औषधाचे प्रताप!"

बाईंनी कोट खिडकीपाशी नेला, काजावरून बोट फिरवलं. "तुमचं पोट या हातांवर आहे, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. डोस जास्त झाला. चूक माझी."

त्यांच्यादेखतच बाईंनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. "मास्तरांना मी डोस जास्त दिला, आता गोळी निम्मी करतेय. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीला काही अडचण?"

"काही नाही," पलीकडचा खणखणीत आवाज मास्तरांनाही ऐकू आला. "आणि स्वतःची चूक स्वतःहून फोन करून सांगणाऱ्या आमच्यात तुम्ही एकट्याच. म्हणून तर माणसं तुमच्याकडे धाडतो!"

भांडायला आलेल्या मास्तरांची हवाच गेली. जाताना ते बाईंकडून सावकाश श्वास सोडायचं तंत्र शिकून गेले.

नवरदेवाचं काज बायकोनं नव्यानं केलं. ते मास्तरांच्या काजापेक्षा सरळ आलं, हे ती अजून ऐकवते. तीन आठवड्यांत हात स्थिरावले. पुढे एकदा वाण्याच्या रांगेत धडधड झाली. मास्तर श्वास मोजत उभे राहिले. झटका आला तसा गेला, आणि ते साखर घेऊन घरी आले.

परवा शाळेचे हेडमास्तर मापाला आले होते. "तुम्ही जाता त्या मानसोपचाराच्या बाई कशा आहेत हो?" त्यांनी विचारलं.

"ऐकतात. आणि चुकलं तर चुकलं म्हणतात. हात वर करा."

हेडमास्तरांनी हात वर केले. "नंबर द्या. मेव्हण्याला हवाय."

मास्तरांनी छातीभोवती टेप गुंडाळली. आतली धडधड त्यांच्या बोटांना लागली.

"मेव्हण्याला?"

"नाही," हेडमास्तर हळूच म्हणाले. "मलाच."