मदत करायची नाही

मुंगीला घरात मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून ती कधी मोकळ्या हातांनी घरी आली नव्हती; काही ना काही ओढत आणायचीच. सध्या ती विद्यापीठातून यूएक्स डिझाइन ओढून आणत होती. हे नक्की काय असतं ते तिने आईला अनेकदा समजावलं, आईने दर वेळी मान डोलावली आणि शेवटी शेजारणीला सांगितलं, "स्क्रीनवरची बटणं कुठे ठेवायची ते शिकते." मुंगीला राग आला खरा, पण खोडून काढण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

बटणं कुठे ठेवायची याची विद्यापीठात रीतसर पद्धत होती, आणि ती शिकवणाऱ्या मॅडम पद्धतीपुढे कुणाची भीडभाड ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. आधी माणसांना काम करताना बघायचं, मग त्यांच्याशी बोलायचं, मग कच्चा आराखडा, चाचणी, दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी. चाचणीत समोरच्याला एक काम द्यायचं आणि सांगायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. तो अडला तरी मदत करायची नाही. बोट दाखवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. अगदीच अडून बसला तर एवढंच विचारायचं, "मग आता तुम्ही काय कराल?" आणि या सगळ्यावर मॅडमचं लाडकं वाक्य: वापरणारा चुकत नसतो, चुकतो तो आराखडा.

मुंगीचा प्रकल्प होता बसचालकासमोर बसवायच्या स्क्रीनचा. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. बाबांनी उभ्या जन्मात बसशिवाय काही चालवलं नव्हतं, आणि घरात तर त्यांचं काहीच चालत नाही, असं आई म्हणायची. स्क्रीनवर उजव्या हाताला हिरवं बटण होतं, फेरी सुरू करायचं. डाव्या हाताला लाल, गाडीतला बिघाड डेपोला कळवायचं. डेपोतल्या इतर चालकांनी चहा पिता पिता दोन्ही कामं उरकली. बाबांच्या एका जाड्या मित्राने तर "एवढंच?" असं विचारून मुंगीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलं. अडले ते फक्त बाबा.

"समजा, गाडीचं दार लागत नाहीये," मुंगीने पहिल्या चाचणीत त्यांना काम दिलं होतं. "डेपोला कळवा."

"लागत नाही म्हणजे? परवाच तर दुरुस्त केलंय."

"समजा म्हटलं ना, बाबा."

"बरं, समजलो." बाबा स्क्रीनवर वाकले आणि सांगितल्याप्रमाणे मोठ्याने बोलू लागले. "आता मी बघतोय. हे हिरवं. फेरी सुरू. ते नको. वर घड्याळ आहे. कळवायचं कुठे? मुंगे, तू कळवायचं ठेवलंच नाहीस."

लाल बटण चांगलं ठसठशीत होतं. मुंगी हाताची घडी घालून गप्प बसली. बाबांनी हिरवंच बटण दाबलं आणि आपण पास झालो अशा थाटात चहा मागितला.

मग तिने बटण मोठं केलं. आणखी लाल केलं. त्याच्याभोवती पिवळी कड काढली. दर वेळी बाबा तिथेच येऊन अडले आणि दर वेळी तिला तेच म्हणाले, की ठेवायला विसरलीस. मॅडमनी चाचण्यांची चित्रफीत बघितली आणि वर्गासमोर तिला फैलावर घेतलं. "एक माणूस एकाच जागी पुन्हा पुन्हा अडतोय, आणि तुम्ही बटणाला रंग फासत बसलात? तो का अडतो ते शोधा. कारण सापडल्याशिवाय सादरीकरणाला येऊ नका."

सादरीकरण उद्यावर आलं होतं. या विषयात उडाली की वर्ष गेलं, हे मुंगीला पक्कं ठाऊक होतं.

बाबांची दुपारची पाळी होती. जेवण आटोपून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, पलीकडच्या खोलीत आईचं शिलाई मशीन खडखडत होतं. मुंगीने टॅब्लेट त्यांच्यासमोर ठेवला.

"आली इन्स्पेक्टर," बाबा म्हणाले. "पटकन उरक हं. निघायचंय मला."

तिने या खेपेला रंगाला हात लावला नव्हता. तिने सगळा आराखडाच उलटा केला होता, आरशात दिसावा तसा. लाल बटण उजवीकडे, हिरवं डावीकडे. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून केलं, एवढंच.

"दार लागत नाहीये. डेपोला कळवा."

"हे काय, इथेच आहे की!" बाबांचं बोट सरळ लाल बटणावर गेलं. "आता कसं शहाण्यासारखं ठेवलंस. इतके दिवस कुठे लपवलं होतंस?"

मुंगीला इतका आनंद झाला की नियम विसरून ती टाळीच वाजवणार होती. पण पद्धत म्हणजे पद्धत. दुसरं कामही द्यायला हवं.

"आता फेरी सुरू करा."

"फेरी सुरू. हां." बोट स्क्रीनवर फिरलं आणि थांबलं. "घड्याळ आहे. कळवा आहे. हिरवं कुठे गेलं? काढून टाकलंस?"

एवढे दिवस जे बटण ते डोळे मिटूनही दाबू शकले असते, ते आता त्यांना सापडत नव्हतं. बटणाचं काही चुकलेलं नव्हतंच. डावीकडे जे जे ठेवलं, ते ते बाबांच्या लेखी नव्हतं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. डेपोत बसचा डावा आरसा खांबाला घासला होता, एकदा नाही, दोनदा. दारातून आत येताना बाबांचा डावा खांदा हल्ली चौकटीला लागायचा. पानात डाव्या बाजूला भाजी वाढली की, वाढलीच नाहीस म्हणून आईशी भांडण. त्या भांडणांना मुंगी पोट धरधरून हसली होती.

तिने टॅब्लेट बाजूला सारला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "बाबा, माझ्या नाकाकडे बघा. फक्त नाकाकडे. मान हलवायची नाही."

"हे पण अभ्यासात आहे का?"

"आहे." बाबांच्या डाव्या अंगाला तिने स्वतःचा हात वर केला आणि जोरजोरात हलवला. "मी हात वर केला की सांगा."

"बरं." बाबा आज्ञाधारकपणे तिच्या नाकाकडे बघत राहिले. तिचा हात हलतच होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "कर की. केव्हा करणार?"

पलीकडचं मशीन थांबलं.

मुंगीने हात खाली घेतला. जे वाक्य वर्गात कुणी उच्चारलं असतं तर मॅडमनी त्याला बाहेर काढलं असतं, ते आता तिला बोलायचं होतं. "बाबा, आराखड्यात चूक नाहीये. तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये."

बाबा हसले. मग हसायचे थांबले. "काहीतरीच बोलू नकोस. डोळे तपासून घेतात आमचे. अक्षरं वाचून दाखवलीत मी, सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत."

"ती तपासणी कधी झाली? आरसा घासायच्या आधीची आहे ती. आणि समोरचं तुम्हाला दिसतंच आहे. मी डावीकडचं म्हणतेय."

"तो खांबच चुकीच्या जागी उभा केलाय! कुणालाही लागेल."

वापरणारा चुकत नसतो. मुंगीला रडू आलं. बाबा उठले, खुंटीवरचा गणवेशाचा कोट अंगात चढवला आणि दाराशी बूट घालायला वाकले. आई पलीकडच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात अर्धवट शिवलेली बाही तशीच.

मुंगीला ओरडायचं होतं, जाऊन दार अडवायचं होतं. पण ती या माणसाला ओळखून होती. जाऊ नका म्हटलं की ते हमखास जाणार, रागारागात जाणार, आणि रागात गाडी काढणार. तिच्या हातात एकच वाक्य उरलं होतं, आणि तेही तिला नीट म्हणता आलं नाही, मधेच आवाज फाटला. "मग आता तुम्ही काय कराल?"

आणि ती गप्प बसली. आजवरच्या कुठल्याही चाचणीत तिला गप्प बसणं इतकं जड गेलं नव्हतं.

"काय करणार? मोठ्याने सांगू? सांगतो," बाबा चिडून म्हणाले. "आता मी बूट घालतोय. आता डेपोत जाणार. गाडी काढणार. चौकातून वळणार, पहिला थांबा शाळेचा. तिथे पोरं उभी असतात. नुसता दंगा, दाराशी रेटारेटी..." त्यांचा आवाज उतरला. "पार चाकापाशी येतात कार्टी. कितीदा ओरडलोय."

एक बूट पायात होता, दुसऱ्याची नाडी बोटांत.

"डाव्या अंगाला उभी असतात," बाबा म्हणाले.

त्यांनी घातलेला बूट काढला. पुन्हा टेबलाशी येऊन बसले, कोट अंगात ठेवूनच. बराच वेळ त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे मान वळवून बघितलं. मग चाचणीत बोलायचे तसंच, सावकाश, एकेक शब्द मोठ्याने म्हणत ते बोलू लागले. "आता मी डेपोत फोन लावतोय. आज गाडी काढत नाही म्हणून सांगतोय. डोळे दाखवायचेत म्हणून सांगतोय."

त्यांचा हात टेबलावर चाचपडू लागला. "फोन कुठे ठेवला मी? इथेच तर होता."

फोन त्यांच्या डाव्या कोपराशी पडला होता. मुंगी हाताची घडी घट्ट आवळून बसली होती, सवयीने. मग तिने घडी सोडली, फोन उचलला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला. बाबांनी तो घेतला, पण तिचा हात सोडला नाही.