काळ्या फितीतला बाप

ओकबुनने जेवणाच्या चौरंगावर कागद ठेवला, आणि तिच्या बापाने, ह्वानशिकने, चमचा रश्श्यात आपटला.

"मला मारायला निघालीस काय गं, कार्टे?"

कागदावर त्याचाच चेहरा होता. कोळशाने काढलेला, अगदी समोरून. बंदरावर पोती वाहून आखडलेली मान, तुटकी भुवई, सगळं जिथल्या तिथे. आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरप्या काळ्या फिती.

फिती मेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात, हे पोरीला कोण सांगणार? कोरियातल्या बुसानच्या त्या टेकडीवरच्या पत्र्याच्या वस्तीत चौकटीतलं चित्र एकच, शेजारच्या सुनरे मावशीच्या बुडून मेलेल्या नवऱ्याचं, तेही फिती लावलेलं. थोरामोठ्यांचं चित्र असंच काढतात, असं ती धरून चालली होती. शाळेतल्या बाई दर शनिवारी तिला फुकट चित्रकला शिकवणार होत्या. बाप खूश होऊन हो म्हणेल, एवढीच तिची आशा.

"पण बाबा, मी तर तुमच्यासाठी... ते शनिवारी बाईंकडे शिकायला..."

फाडकन कानाखाली बसली.

"शनिवारबिनिवार काही नाही. शाळा संपली की बुटांच्या कारखान्यात जायचं. आणि तू काय बघतेस? जाळ ते!"

हे बायकोला. तिने कागद उचलला, चुलीजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिली. ओकबुनला रडू आलं नाही. तिला बापाचा नुसता संताप आला होता.

आईने पातेल्यातली चार शितं बोटाने चुरडली, कागदाच्या मागे फासली आणि चित्र भिंतीवर चिकटवलं.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं? उतरव!"

"तुम्हीच उतरवा की. लावा हात."

ह्वानशिक तरातरा उठला. भिंतीपाशी गेला, हात वर केला. फितींजवळ बोटं थबकली. मग तो हात पँटला पुसत मागे आला आणि बसला.

"शनिवारी जा गं बाईंकडे," आई ओकबुनला म्हणाली.

"कोणाला विचारून?" तो गुरगुरला.

"घरच्या पुरुषाला विचारलं असतं हो," ती त्याच्या वाडग्यात रस्सा ओतत म्हणाली, "पण त्याचा आता फोटो लागलाय."