उपटलेला दवणा

आमच्या डोंगरात पाऊस म्हणजे दोन-चार सरी, त्याही आल्या तर. तरी दगडाच्या फटीत डोंगरी दवणा उगवतो. माणसाहून चिवट. तो शेंड्याला खुडायचा, मुळाला हात लावायचा नाही, एवढं आमच्यातल्या शेंबड्या पोरीलाही कळतं.

यंदा सगळ्या घरांनी मिळून वरची दरी बंद केली होती. जर्दाळू पिकेपर्यंत आत ना शेळी, ना माणूस. दवण्याला फुलं येऊ देत, बी पडू दे. राखणीला माझ्या बहिणीचा, सबीहाचा नवरा फ्रेज. राखणदाराला आमच्यात जामीन लागतो. तो मी, मुतैर. म्हाताऱ्यांपुढं छातीवर हात ठेवून बोलून बसलो, "फ्रेजची जबान ती मुतैरची जबान."

गुरुवारी गाढव घेऊन राखण कशी चाललीय ते बघायला वर गेलो. अख्खा उतार सोललेला. दात उपटल्यावर हिरडी दिसते तसे खड्डेच खड्डे, काही तर अजून ओले. एका खड्ड्यात दोरीचा तुकडा पडलेला. शेळीच्या केसांची काळी दोरी, मधनं एक लाल धागा. असा लाल धागा सगळ्या डोंगरात एकच बाई घालते. माझी बहीण.

तडक तिच्या घरी गेलो. मागच्या अंगणात दवणा वाळत पडलेला, मुळं वर करून. मेलेल्या शेळ्यांचे पाय जणू.

"या या, मेव्हणे!" फ्रेज हसतच आला. "सबीहा, कॉफी टाक. तुझा दादा आलाय, तोंड बघ कसं आंबलंय!"

कॉफी आली. मी पेला उचलला नाही. चटईवर ठेवला तसाच राहू दिला. पाहुण्यानं कॉफीला हात लावला नाही, म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय. आणि न पिता उठून गेला, तर त्या घराची अब्रू गेली.

फ्रेजचं हसू जरा वाकडं झालं. "प्या की हो. विष नाही घातलं."

मी दोरी त्याच्यापुढं टाकली.

"हात्तिच्या! एवढंच? अहो, शहरातला व्यापारी म्हणतो मुळासकट पाहिजे. कुठल्याशा दुखण्यावर उकळतात म्हणे. त्यानं मागितलं, मी दिलं. उगवेल परत."

"बी पडायच्या आधी मूळ उपटलंस. कुठनं उगवेल? तुझ्या टाळक्यावर?"

"हळू बोला. जामीन तुम्ही आहात. मला बुडवलंत तर आधी तुमचंच नाक पाण्यात." मग पुढं सरकून कुजबुजला, "दोन पोती तुम्ही न्या ना. घरातलं घरात."

किळस आली मला. मेलेलं जनावर उन्हात फुगलेलं बघतो ना आपण, तशी. आणि ह्याच्यासाठी मी छातीवर हात ठेवला होता!

सबीहा दारात उभी होती. दोरी बघून तिचं तोंड उतरलं. "ती मी पाण्याच्या डब्याला बांधायला दिली होती," एवढंच म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "विचारा त्याला, काय पाहिजे ते. पाहुणा आहे. विचारा."

पेल्यात एक माशी पडली. फिरफिर फिरली आणि गप्प झाली. फ्रेजनं ती बोटानं काढली. नखांत अजून दरीतली माती.

"बोला, काय पाहिजे?" तो पुटपुटला.

"उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्यांपुढं उभं राहायचं. तुझ्या तोंडानं सांगायचं, मी उपटला. मी नाही सांगणार, तू सांगायचं."

त्यानं बायकोकडं बघितलं. ती काही नजर हलवेना.

"दिलं," तो म्हणाला. "आता प्या."

मागितलेलं मिळालं की प्यावीच लागते. गार, माशी बुडालेली कॉफी. एका घोटात प्यालो आणि बाहेर येऊन गाढवाच्या आडोशाला ओकलो.

शुक्रवारी तो उभा राहिला. मान खाली घालून बोलला. म्हाताऱ्यांनी त्याच्या शेळ्यांना दोन वर्षं डोंगर बंद केला, मला काही म्हणाले नाहीत; राखणदारानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की जामीन सुटतो. माझी जबान राहिली.

उताराचे खड्डे मात्र तसेच आहेत. आणि दवण्याचा वास आला की माझ्या तोंडात अजून ती कॉफी येते.