गॅलसची पाटी

सहायिकेनं संगमरवरी डोक्याच्या कानातली धूळ कुंचल्यानं काढली आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. नाक अर्धं उडालेलं, हनुवटीवर चरा, तरी तोरा काय तो! गॅलस नावाचा हा रोमन सम्राट. गादीवर टिकला जेमतेम दोन वर्षं, पण आज संध्याकाळी याच्याच डोक्यावरचं कापड काढून नव्या दालनाचं उद्घाटन व्हायचं होतं.

संग्रहालयाचे संचालक दारातूनच म्हणाले, "सर कुठायत? त्यांना सांगा, मुदतवाढीचं काम झालं. आणखी तीन वर्षं दालन त्यांच्याकडेच. आज जाहीरच करून टाकतो."

"मुदतवाढ?"

"त्यांनीच मागितली होती. तुम्हाला बोलले नाहीत?" संचालक जरा घुटमळले. "म्हणाले, माझ्यामागं सांभाळेल असं अजून कुणी तयार झालेलं नाही."

"हो का," ती म्हणाली आणि सम्राटाचा दुसरा कान साफ करायला लागली. तो आधीच साफ होता.

संचालक गेले. ती तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. तयार झालेलं नाही! दालनाचे प्रमुख असलेल्या सरांची नजर गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि ही गोष्ट या सगळ्या इमारतीत फक्त तिला ठाऊक होती. सुरुवातीला कडा धूसर झाल्या, मग मधलंही गेलं. आता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. सरांचे लेख तीच वाचायची, तीच लिहायची, पाहुणे आले की कुजबुजून कोण ते सांगायची, जिन्यावर बोलता बोलता हात द्यायची. सर सगळ्यांदेखत तिला "माझा चष्मा" म्हणायचे. "अरे, माझा चष्मा कुठं गेला?" असं ओरडले की सगळं कार्यालय हसायचं. ती हसायची नाही, धावत जायची. कारण सर एकांतात म्हणायचे, "दालन तुझंच आहे गं. मी गेलो की तूच."

त्या भरवशावर तिनं आज आईला आणि नवऱ्याला बोलावून ठेवलं होतं. सर आज सगळ्यांसमोर आपलं नाव घेणार, असं घरी चार वेळा सांगून झालं होतं. आईनं तर शेजारणीकडून मोत्यांची माळ मागून आणली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, ती मनाशी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. रागानंच आले ते.

तेवढ्यात खालच्या कारखान्यातला पाटीवाला पाट्यांची चवड घेऊन आला. गडी घाईत होता. पक्षीदालनातल्या पाट्याही याच आठवड्यात बदलायच्या होत्या आणि त्याची दोन्हीकडं पळापळ चालली होती.

"तुमचा हा गॅलस ना?" वरचं ठळक नाव वाचून त्यानं पाटी चौथऱ्याला लावली, चार स्क्रू पिळले आणि निघूनही गेला.

तिनं वाकून पाहिलं.

गॅलस. रानकोंबडा. घरगुती कोंबड्यांचा पूर्वज.

तिला आधी हसू फुटलं. मग लक्षात आलं, सम्राटाची पाटी आत्ता पक्षीदालनात पेंढा भरलेल्या कोंबड्याखाली गेली असणार. रानकोंबड्याचं शास्त्रीय नावही गॅलसच, पाटीवाल्याचा काय दोष! दोन मिनिटांचं काम होतं. पाटीवाला अजून जिन्यातच असेल. तिनं हाक मारायला तोंड उघडलं.

"चष्मा! लागली का पाटी?" सर भिंतीला बोटं घासत आत येत होते.

"लागली, सर."

सर चौथऱ्यापाशी आले, पाटीच्या काठावरून अंगठा फिरवला, ओलीबिली नाही ना पाहिलं आणि मान वर करून उभे राहिले. "वाच."

तिनं कुंचला खाली ठेवला.

"अगं वाच ना. झोपलीस का?"

"सर, संचालक येऊन गेले. मुदतवाढ झाली म्हणाले."

सरांचा अंगठा पाटीवर थांबला. क्षणभरच. मग ते हसले. "अरे हो, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तीन वर्षं काय गं, अशी जातील. तुला काय घाई आहे? चल, वाच."

मजकूर तिनंच लिहिला होता, तिला पाठ होता. तिनं पाटीकडं पाठ केली, खिडकीबाहेर पाहत सम्राटाची सगळी कहाणी घडाघडा म्हटली. कुठं जन्मला, कसा गादीवर आला, कोणती साथ पसरली, कसा मारला गेला. सर मान डोलवत होते.

"'सत्ता' नाही ना लिहिलं कुठं? 'राज्य' हवं."

"'राज्य'च आहे, सर."

"शाब्बास." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. तिनं कापड ओढून डोकं आणि पाटी दोन्ही झाकून टाकलं.

संध्याकाळी दालन खचाखच भरलं. पहिल्या रांगेत आई माळ सारखी करत बसली होती, शेजारी नवरा. सर झोकात होते. त्यांची एक जुनी युक्ती होती. पाटी वाचायचा मान पाहुण्यांना द्यायचा, म्हणजे आपल्याला वाचावी लागत नाही. लोकांना ते मोठं दिलदार वाटायचं.

"आमच्या दालनात सम्राटाची ओळख पाहुणेच करून देतात," सर म्हणाले. "खणखणीत वाचा, साहेब!"

प्रमुख पाहुण्यांनी कापड ओढलं, टाळ्या घेतल्या, नाकावर चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. माणूस भाषणं वाचून दाखवण्यात मुरलेला. काय वाचतोय ते त्याच्या कानांपर्यंत पोचायला वेळ लागला.

"गॅलस. रानकोंबडा. घरगुती कोंबड्यांचा पूर्वज. नराच्या डोक्यावर मांसल तुरा असतो. पहाटे आरवून आपली हद्द जाहीर करतो. उडण्याची ताकद बेताची. विणीचा हंगाम संपला की मानेवरची झळाळती पिसे गळून..."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी रांग हसली. कुणा टवाळानं "कुकूच कू!" केलं आणि दालनच्या दालन फुटलं. पाहुणे लाल झाले. संचालकांचा चेहरा उतरला. सर मात्र हसतच होते. सगळे हसताहेत म्हणून तेही हसत होते, हात पाठीमागं बांधून, तोंड पाहुण्यांच्या थोडं डावीकडं करून. ते हसू कुठल्या क्षणी गोठलं, हे तिनं भिंतीपाशी उभं राहून नीट पाहिलं. नजर हटवली नाही तिनं.

"सर, अहो, हे काय?" संचालक दातओठ खात पुटपुटले. "एकदा डोळ्यांखालून तरी घालायचं!"

सरांनी हात वर केला. हळूहळू दालन शांत झालं.

"मंडळी, माझ्या डोळ्यांखालून काही जात नाही. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी लपवलं, चूक झाली. मुदतवाढ मी परत करतो." ते थांबले. "ही माझी सहायिका मला सगळं वाचून दाखवते. ही पाटीही आज दुपारी तिनंच वाचून दाखवली. याच जागी उभं राहून. सम्राटाची सगळी कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एक शब्द चुकला नाही तिचा."

मग टाळ्या ऐकू आल्या. एकट्या आईच्या. सर आज लेकीचं नाव घेणार, हे तिला माहीत होतं, आणि घेतलं होतं त्यांनी. ती भरल्या डोळ्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवत होती, आजूबाजूला बघत होती, बाकीचे का वाजवत नाहीत म्हणून. सहायिकेच्या नवऱ्याला तोवर उमगलं होतं. त्यानं तिचे हात धरले.

"अरे, वाजवू दे की!" आई म्हणाली.

संचालकांनी पाटीकडं पाहिलं आणि मग सहायिकेकडं. त्यांच्यामागं सगळ्या दालनानं पाहिलं.

सरांनी कोपर पुढं केलं, तिच्या दिशेनं, अगदी नेमकं.

"चल," ते म्हणाले, "मला खाली सोड."

एवढ्या लोकांतून तिला जावं लागलं आणि त्यांचा हात धरावा लागला.