कंपोंगातलं कुंपण

पत्र्यावर कोयत्याचा घाव बसला आणि संजीवनीने तव्यावरची भाकरी तशीच सोडून परसाकडे धाव घेतली.

"आला बघा तुमचा म्हातारा! आज त्याला न्हाई आडवा केला तर माझं नाव बदला."

"संजे, थांब गं. पोलीस आले तर माझा नोकरीचा पास जाईल. दोघांना गाशा गुंडाळावा लागंल."

"लागू द्या. माझ्या परसातनं कुनी पाय टाकायचा न्हाई म्हंजे न्हाई."

आता बायको म्हणून सांगत नाही, पण या बाईच्या अंगात माणदेशचं ऊन मुरलेलं आहे. माझी नोकरी सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला. लग्नानंतर टॅम्पिनीसला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तर हिचा जीव घुसमटायला लागला. "पायाखाली माती न्हाई त्ये कसलं घर?" हा एकच घोशा. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने या कंपोंगात पत्र्याच्या छपराचं घर भाड्याने मिळालं. कंपोंग म्हणजे इकडचं खेडं. अशी खेडी पूर्वी सिंगापूरभर होती. सरकारने एकेक उठवून माणसं उंच इमारतींत नेली. हे तेवढं राहिलं, कारण जमिनीची मालकीण चिनी बाई हट्टाला पेटली आणि विकायला तयार झाली नाही. मूठभर घरं, मलय आणि चिनी म्हातारी माणसं, कोंबड्या, नारळ, आणि मोठा पाऊस झाला की घोट्याएवढं पाणी. कालव्यापलीकडे टॉवर उभे आहेत. तिथली माणसं रविवारी येतात आणि प्राणी बघायला आल्यासारखे आमचे फोटो काढून जातात.

या गावात कुंपण नाही. ज्याचं अंगण तीच सगळ्यांची वाट. आमच्या शेजारचा पाक हमीद, म्हणजे हमीदकाका, सत्तरी ओलांडलेला गडी, इथेच जन्मलेला. रोज पहाटे आमच्या परसातून नमाजाला जायचा. हिने वांगी लावली, मिरची लावली, शेवग्याची फांदी रुजवून झाड केलं, आणि एका सुट्टीत माझ्याकडून खांब पुरून तारा ओढून घेतल्या, खाली पत्रे ठोकून घेतले. हमीद येऊन बघून गेला. "इथे कुंपण घालत नाहीत," एवढंच तो आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. हिने ऐकून घेतलं आणि आणखी दोन खिळे मारले.

त्या दिवसापासून तो पहाटे येऊन तार तोडायचा आणि ही दुपारी जोडायची. रोजचं महायुद्ध, आणि मधे मी.

आज मात्र त्याच्या हातात लांब पात्याचा कोयता होता. पत्रा उभा फाटला होता आणि म्हातारा अर्धा आत आला होता. हिने खोरं उचललं.

"मागं सर! मागं सर म्हाताऱ्या, न्हाईतर टाळकं फोडीन!"

त्याला मराठी कळत नव्हतं, पण खोरं कळत होतं.  रागाने मलयमध्ये काहीतरी ओरडून त्याने कोयता फिरवला तो सरळ शेवग्यावर. दोन घावांत शेंगांनी लगडलेलं झाड मिरच्यांवर आडवं झालं.

 संजीवनीने खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी फिरवला आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर घातला. कडकन वाजलं. रक्ताची धार डोळ्यावरून दाढीत उतरली. तो गुडघ्यावर आला, उठला, आणि कोयता हिच्या डोक्यावर उगारला. मी चहाचा कप टाकून त्याच्या मनगटाला लटकलो. वय सत्तर, पण मनगट लोखंडाचं. आम्ही दोघे चिखलात लोळलो. माझ्या कोपराला पातं लागलं. ही वरून दांडा उगारून उभी.

"सोडा त्याला! हूं दे एकदाचं!"

"व्हायचं ते होऊन गेलंय, आता आणखी काय व्हायचंय!" मी ओरडलो.

रविवार होता; कालव्याकाठी कॅमेरे घेऊन आलेल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला. गाडी वाजत आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. म्हाताऱ्याचं डोकं फुटलंय, हिच्या हातात दांडा, दांड्याला रक्त. नोकरी, पास, सगळं गेलं असं मी धरून चाललो.

पोलीस पोरगेलासा होता. "काय झालं, अंकल?"

हमीदने एका डोळ्याने हिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. आमच्या माथ्यावर नारळाचं झाड होतं.

"नारळ पडला, लाह." 'लाह' म्हणजे इकडचं 'बरं का'.

"आणि यांचा हात?"

"मला उचलताना पडले. चांगली माणसं आहेत. गाडी घेऊन जा, कोंबड्या बिचकतात."

पोलिसाला पटलं नव्हतं, पण मार खाणाराच तक्रार करत नाही म्हटल्यावर तो काय करणार? दवाखान्यात जा म्हणून बजावून तो गेला.

हमीद आमच्या पायरीवर बसला. संजीवनी हळद घेऊन आली आणि सूड उगवल्यासारखी जखमेत दाबली. तो कण्हला.

"इच्यारा त्याला," ती मला म्हणाली, "खोटं का बोलला?"

"पोलीस एकदा आत शिरले की सरकार शिरतं," हमीद म्हणाला. "गाव धोकादायक आहे म्हणतील, उठवतील. इथलं भांडण इथेच मिटवायचं." मग हळद लागलेलं बोट त्याने फाटलेल्या पत्र्याकडे केलं. "चौसष्ट साली शहरात चिनी-मलय दंगे पेटले. मी लहान होतो. या जागेवर चिनी कुटुंब राहायचं. भ्यालेली माणसं, त्यांनी तुमच्यासारखंच तारेचं कुंपण घातलं. बाहेरचे गुंड आले तेव्हा माझा भाऊ युसुफ इकडे पळाला, इथला पोरगा त्याचा दोस्त होता. कमरेचं सारोंग, लुंगीसारखं असतं ते, तारेत अडकलं. दार उघडा म्हणून ओरडत होता. आतली माणसं घाबरून बसली. त्याला तारेवरच तोडला. मी खांबांवरच्या आमच्या घराखाली लपून बघत होतो. सकाळी त्या चिनी माणसाने स्वतः खांब उपटले. तेव्हापासून इथे कुणी कुंपण घालत नाही."

मी एकेक वाक्य हिला मराठीत सांगत गेलो. ती हळदीची वाटी धरून उभीच होती.

"आमच्या आबाला बांधावर तोडलं," ती अखेर म्हणाली. आबा म्हणजे तिचा चुलता, त्यानेच तिला वाढवलं होतं. "म्या भाकरी घिऊन ग्येलती. कुऱ्हाड म्या बघितली. भावकीचीच मानसं हुती, बांध कोरत कोरत आत आलेली. कुंपन असतं तर आबा वाचला असता. सांगा त्याला."

मी सांगितलं. "म्हणजे दोघांनी तेच बघितलं," म्हातारा म्हणाला, आणि मी तेही हिला सांगितलं.

संजीवनीने खोरं घेतलं आणि ती कुंपणावर तुटून पडली. पत्रे बडवले, खांब हलवून हलवून उपटले, तारा उघड्या हातांनी ओढल्या. तळहात फाटले तरी थांबेना. ज्यांनी आबाला मारलं त्यांना नावानिशी शिव्या घालत होती आणि ढसाढसा रडत होती. मी पुढे झालो तर माझ्यावरही खोरं उगारलं. गावातली म्हातारी माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. आभाळ भरून आलं, धो धो कोसळलं, तरी ती चिखलात बडवतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्याला पट्टी बांधून हमीद आला. वाट मोकळी होती, तरी खांबाच्या खड्ड्यापाशी थांबून राहिला.

हाताला फडकी गुंडाळून संजीवनी दारात उभी होती.

"त्याला म्हनावं, जा. वाट दिलीया. पर माझा शेवगा तोडला त्यो म्या मरूस्तवर इसरायची न्हाई."

मी सांगितलं. हमीदने पट्टीवर हात ठेवला.

"मी पण डोकं विसरणार नाही, लाह," तो म्हणाला, आणि मिरच्या चुकवत, हळूहळू पाय टाकत परसातून निघून गेला.