गळती ऐकणारी काठी

मित्रांनो, मी पाणीखात्यातली एक जुनी लाकडी काठी आहे. कोणाला मारणं किंवा आधार देणं हे माझं काम नाही. माझं काम ऐकायचं. माझं एक टोक नळावर किंवा त्यावरच्या जमिनीवर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाच्या वाटीला कान लावायचा. खाली नळ गळत असेल, तर तो आवाज माझ्या अंगातून वर चढतो.

आमचं शहर नामिबच्या वाळवंटात, समुद्राकाठी आहे. सकाळी धुकं येतं, पाऊस मात्र वर्षानुवर्षं फिरकत नाही. इथे गळकं पाणी वर दिसतच नाही. वाळू ते गुपचूप पिऊन टाकते. म्हणून तर खात्यातल्या सुताराने मला घडवलं आणि शापुआ नावाच्या तरण्या कामगाराच्या हाती दिलं. सव्वीस वर्षं आम्ही गल्ल्या तुडवल्या. लोक त्याला मानाने ‘ताते’ म्हणू लागले. माझी वाटी त्याच्या कानाने घासून गुळगुळीत झाली.

मग गळती ऐकणारं विजेवरचं यंत्र आलं. तेही हुशार होतं, खोटं कशाला बोलू? मी कोठीच्या दारामागे गेले. दोन वर्षं धूळ खाल्ली.

त्यानंतर शहरात पाणी अपुरं पडू लागलं. ‘पाणी जपा, पाणी जपा’ असं ओरडत गाडी फिरू लागली. घरटी पाणी ठरवून दिलं. एका गल्लीने तर हद्दच केली. दर आठवड्याला मीटर बघून सर्वांत जास्त पाणी वापरणाऱ्याचं नाव तिथले लोक गल्लीतल्या फळ्यावर लिहू लागले. तीन आठवडे एकच नाव झळकलं: मेमे औने.

‘मेमे’ ही बाईमाणसाला मानाने मारायची हाक. ही औने बाजारात तळलेले गोड गोळे विकायची. गिऱ्हाइकं तोंड फिरवू लागली. चौथ्या आठवड्यातही तेच नाव आलं, तर खातं तिचा नळ बारीक करणार होतं. शेवटी ती स्वतःच खात्यात आली.

“ताते, मी पाणीचोर नाही. या आणि माझं घर तपासा.”

“यंत्र मोठ्या नळांवर गुंतलंय, मेमे. महिना लागेल.”

“महिन्याभरात माझी चूल विझेल!”

ताते शापुआने दारामागून मला ओढलं आणि शर्टाच्या बाहीने पुसलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

गल्लीत शिरताच शेजारीण रौनाने तोंड उघडलं. “काय गं मेमे, घरात मासे पाळलेस की काय?”

“तुझी जीभ धुवायची म्हणून पाणी साठवतेय!” औने म्हणाली. “अगं, एका बादलीत तिघं अंघोळ करतो आम्ही.”

“सगळ्यांनी नळ बंद करा,” ताते म्हणाला. “आणि रौना, तुझाही.”

जमलेले लोक हसले आणि नळ बंद करायला गेले. त्याने मला मीटरपाशी टेकवलं, मग भिंतीपाशी, मग अंगणाच्या कोपऱ्यात. तिथे मला ऐकू आलं. बारीक, न थांबणारं चुरचुरणं.

“मेमे,” तो हळूच म्हणाला, “इथे खाली कोणीतरी तुझे गोळे तळतंय.”

हातभर खणल्यावर ओली वाळू लागली आणि तडकलेला सांधा दिसला. कित्येक आठवड्यांचं पाणी जमिनीत गेलं होतं. औने खड्ड्याच्या काठावर बसली आणि रडली. रौनाने वाकून माझ्या वाटीला कान लावला. बराच वेळ ती उठली नाही.

“मेमे, मी जे बोलले ते...”

“राहू दे. आधी फळा पूस.”

मग प्रत्येकाला आपापल्या घरी ऐकायचं होतं. त्या दुपारी अकरा घरांत चार गळत्या सापडल्या. त्यातली सर्वांत मोठी रौनाच्या संडासाच्या टाकीत! सगळ्यांत जास्त हसली ती औनेच. गाडीला महिनाभर ओरडून जे जमलं नव्हतं, ते जमलं. लोकांनी पाणी जाताना आपल्या कानांनी ऐकलं होतं.

आता ताते शापुआ निवृत्त झाला आहे. दर शनिवारी मी कुठल्या ना कुठल्या गल्लीत असते, औने किंवा रौनाच्या खांद्यावर. मी समाधानी आहे.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. घरातले सगळे नळ बंद करा आणि क्षणभर गप्प बसा. काही ऐकू आलं, तर लगेच उठा. आणि कोणाला पाणीचोर म्हणण्याआधी, त्याच्या अंगणातल्या जमिनीला एकदा कान लावा.